क्रोन्सच्या भगंदरावर मूलपेशींचे इंजेक्शन: घ्यावे की नाही?

क्रोन्स या आतड्याच्या आजारामुळे होणाऱ्या भगंदरावर मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, इंजेक्शन हा उपाय गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या रुग्णांच्या कानावर येऊ लागला आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात शेती करणारे लोक. माझ्या पुतण्याला हा आजार आहे, आणि शहरातल्या एका खाजगी केंद्राने त्याला हे इंजेक्शन देऊ केले, तेव्हा ते घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी या उपचाराची शक्य तेवढी चौकशी करणे मला भाग पडले. मी डॉक्टर नाही. अनुदानित शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. पुतण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मूळ शोधनिबंध मिळवून दिले आणि अडलेल्या जागी ते समजावूनही सांगितले, म्हणून पुढचे परीक्षण लिहिता आले. त्यात मूळ औषधाविषयी, ते औषध देतो म्हणणाऱ्या केंद्राविषयी आणि शेवटी आम्ही घेतलेल्या उपचाराविषयी मत आहे.

साधे भगंदर आणि क्रोन्सचे भगंदर यांतला फरक आपल्या भागात फारसा कोणी सांगत नाही, आणि निम्मे नुकसान तिथेच होते. साधे भगंदर बहुतेक वेळा गुदद्वाराच्या आतल्या ग्रंथीत पू होऊन सुरू होते. तो पू वाट काढत कातडीपर्यंत येतो आणि आतबाहेर जोडणारा मार्ग तयार होतो. क्रोन्समध्ये आतड्याची भिंत पूर्ण जाडीत सुजते, व्रण खोलवर जातात, एकाऐवजी दोनतीन मार्ग फुटतात आणि ते गुदद्वाराच्या आवळक स्नायूंमधून आडवेतिडवे जातात. क्रोन्सच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांना आयुष्यात कधी ना कधी गुदद्वाराजवळ असे भगंदर होते. शेताच्या बांधाला उंदरांनी पाडलेल्या बिळाचे बाहेरचे तोंड मातीने लिंपले तरी पाणी आतल्या तोंडातून शिरतच राहते. या आजारात बाहेरची जखम सुकली की रुग्णाला बरे वाटते आणि काही आठवड्यांनी पुन्हा गाठ येते, ते याच कारणाने.

बाजाराच्या गावी ‘मूळव्याध, भगंदर, शर्तिया इलाज’ अशा पाट्या लावून बसलेल्या लोकांकडे आमचा पुतण्याही सुरुवातीला गेला होता. अवघड जागेचे दुखणे, घरात सांगायची लाज, आणि कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत नागपूरला जायला सवड नाही, या तिन्ही गोष्टी मिळून बहुतेक तरुण तिथेच पोहोचतात. तिथे जखमेत दाहक औषध भरले गेले आणि मार्ग आणखी पसरला. पुढे वजन उतरू लागले, जुलाब थांबेनात, तेव्हा क्षयाची शंका आली. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन आजार कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडे पाहताना, आणि काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतही एकमेकांसारखे दिसू शकतात, त्यामुळे आपल्या देशात अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधे सुरू होतात. त्यात डॉक्टरांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. परंतु दोनतीन महिन्यांत फरक पडत नसेल तर पुन्हा तपासणी करण्याचा आग्रह कुटुंबाने धरला पाहिजे.

क्षारसूत्राविषयी, म्हणजे भगंदराच्या मार्गात बांधायच्या औषध लावलेल्या आयुर्वेदिक दोऱ्याविषयी, एक शब्द, कारण आपल्याकडे प्रत्येक जण तेच सुचवतो. साध्या भगंदरावर ते चांगले आहे, आणि हे ऐकीव मत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत केलेली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात क्षारसूत्राने जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागला, सुमारे चारऐवजी आठ आठवडे, परंतु भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत ११ टक्के तर क्षारसूत्रात ४ टक्के होते. क्रोन्समध्ये मात्र आतली सूज चालू असताना स्नायू कापत जाणारा कोणताही उपाय, मग तो चाकूने असो की सूत्राने, जखम न भरण्याचा आणि शौचावरचा ताबा जाण्याचा धोका वाढवतो. म्हणून आधी निदान आणि मग दोरा, हा क्रम उलटू देऊ नये.

आता मूळ औषधाकडे येतो. क्रोन्सच्या भगंदरासाठी युरोपात रीतसर परवानगी मिळालेले पहिले मूलपेशी-औषध म्हणजे डार्व्हाडस्ट्रोसेल, व्यापारी नाव अलोफिसेल. ते टायजेनिक्स या बेल्जियन कंपनीने विकसित केले, मार्च २०१८ मध्ये त्याला युरोपीय परवाना मिळाला आणि त्याच वर्षी जपानच्या ताकेदा कंपनीने टायजेनिक्स विकत घेतली. निरोगी दात्याच्या पोटावरची चरबी काढून तिच्यातल्या मेसेन्कायमल या प्रकारच्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि एका वेळी १२ कोटी पेशी, चार कुप्यांतून, भगंदराभोवती टोचायच्या, असे त्याचे स्वरूप होते. तयार झालेले औषध ७२ तासांच्या आत आणि १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमानातच वापरावे लागे, त्यामुळे शस्त्रक्रियेचा दिवस ठरवून मगच ते मागवले जाई. ब्रिटनमध्ये एका उपचाराची छापील किंमत ५४,००० पौंड होती, आणि तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये ते सरकारी आरोग्यसेवेत घेऊ नये असा निर्णय दिला.

या पेशी नवीन स्नायू किंवा नवीन आतडे तयार करतात असा समज आमच्याही मनात होता, आणि केंद्राच्या माहितीपत्रकाने तो आणखी पक्का केला होता. प्रत्यक्षात त्यांच्याकडून अपेक्षा वेगळी होती. सुजलेल्या भागातल्या रासायनिक संदेशांमुळे या पेशी जागृत होतात, चवताळलेल्या लसीकापेशींची, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, वाढ रोखतात, सूज आवरणाऱ्या पेशींना बळ देतात, आणि काही काळाने स्वतः नाहीशा होतात. सूज उतरली की शरीर स्वतःच मार्ग भरून काढील, असा हा विचार आहे. विचार म्हणून तो मला पटतो, आणि त्यावर आयुष्य घालवणाऱ्या शास्त्रज्ञांविषयी मनात आदरच आहे.

टोचण्याची पद्धत मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथे आहे. इंजेक्शनच्या दोनतीन आठवडे आधी रुग्णाला भूल देऊन सर्व मार्ग शोधले जातात, खरवडून साफ केले जातात आणि त्यांत सेटन, म्हणजे पू वाहता ठेवणारा सैल दोरा, घातला जातो. इंजेक्शनच्या दिवशी तो दोरा काढून मार्ग पुन्हा खरवडतात, आतले तोंड विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून बंद करतात, आणि मग निम्म्या पेशी आतल्या तोंडाभोवती व निम्म्या मार्गाच्या भिंतींमध्ये थोड्या थोड्या अंतराने टोचतात. म्हणजे सुई हातात घेण्यापूर्वीच एका कसलेल्या शल्यविशारदाचे पुष्कळ काम होऊन गेलेले असते.

पहिली मोठी चाचणी, जिला ॲडमायर असे नाव होते, युरोपातल्या सात देशांत आणि इस्रायलमध्ये २१२ रुग्णांवर झाली आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अर्ध्या रुग्णांना पेशी मिळाल्या, अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी. पूर्वतयारी मात्र दोन्ही गटांची सारखीच होती. चोवीस आठवड्यांनी बाहेरची सर्व तोंडे बंद आहेत आणि एमआरआयमध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा पूचा साठा नाही, अशी दुहेरी कसोटी पेशींच्या गटात सुमारे ५० टक्के आणि दुसऱ्या गटात ३४ टक्के रुग्णांनी पार केली. वर्षभरानंतरही साधारण एवढाच फरक टिकून होता आणि त्रासदायक परिणाम पेशींच्या गटात जास्त नव्हते. याच निकालावर परवाना मिळाला. या चाचणीत आतड्याचा आजार शांत किंवा सौम्य असलेलेच रुग्ण घेतले होते. दोनपेक्षा जास्त आतली तोंडे, तीनपेक्षा जास्त बाहेरची तोंडे किंवा योनिमार्गात उघडणारे भगंदर असलेले रुग्ण वगळले होते. आपल्याकडे उशिरा पोहोचणाऱ्या रुग्णांपैकी किती जण या चौकटीत बसतील, हा विचार वाचताना सारखा मनात येत होता.

दुसरी चाचणी जवळजवळ तिप्पट मोठी, ५६८ रुग्णांची होती. तिचा निकाल कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केला: पेशींच्या गटात ४८.८ टक्के, मिठाच्या पाण्याच्या गटात ४६.३ टक्के. हा फरक नगण्य आहे. त्यानंतर कंपनीने स्वतःहून युरोपातला परवाना परत दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे औषध तिथल्या बाजारातून गेले.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा पाहिले. दुसऱ्या चाचणीत पेशींचा गट घसरला नाही. ज्यांना फक्त पाणी टोचले, त्यांचा गट वर आला. याचा सरळ अर्थ मला असा दिसतो की मार्ग नीट शोधून, पू काढून, खरवडून, आतले तोंड शिवून आणि सोबत आतड्याचे औषध चालू ठेवून जवळजवळ निम्मे रुग्ण सहा महिन्यांत या कसोटीला उतरले. क्रोन्सचे भगंदर असलेल्या कुटुंबाला यापेक्षा जास्त उपयोगाची बातमी या दोन चाचण्यांतून निघत नाही, आणि तीच कोणी सांगत नाही, कारण ती विकता येत नाही.

पेशींचा मार्ग कायमचा बंद झाला, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रुग्णाच्याच चरबीतल्या पेशी एका विरघळणाऱ्या बुचावर वाढवून ते बूच मार्गात बसवले, तेव्हा १२ पैकी १० रुग्णांचे भगंदर सहा महिन्यांत बंद झाले. दक्षिण कोरियाने तर २०१२ मध्येच रुग्णाच्या स्वतःच्या चरबीपासून केलेल्या क्युपिस्टेम या औषधाला परवानगी दिली होती. हे प्रयत्न प्रामाणिक आहेत, परंतु बारा माणसांच्या निकालावर घरातले सोने गहाण ठेवता येत नाही. पहिल्या २१२ जणांत दिसलेला फायदा ५६८ जणांत विरून गेला, हे उदाहरण समोर असताना तर नाहीच.

केंद्राची पारख करताना माझी भाषा कठोर होईल, आणि ती व्हायलाच हवी. जागा स्वच्छ होती, बोलणारे लोक नम्र होते, आमच्या बोलीत समजावत होते, आणि पहिल्याच भेटीत कोणी पुतण्याकडे किळस न करता पाहिले याचा त्याला किती दिलासा वाटला, हे मी विसरलेलो नाही. परंतु त्यांनी एमआरआय मागितला नाही. आतड्याचा आजार सध्या किती जोरात आहे हे पाहण्यासाठी कोलोनोस्कोपीचा अहवाल किंवा आतड्याची सूज दाखवणाऱ्या, शौचातल्या कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी विचारली नाही. पेशी कुठल्या, दात्याच्या की रुग्णाच्या, किती, कोणत्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, याचे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे मिळाले. रक्कम मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली गेली. ती काही लाखांत होती आणि अर्धी आगाऊ हवी होती. पुतण्या मला म्हणाला, ‘काकाजी, एक एकर काढून टाकू, पण हे एकदाचं मिटवू.’ अशा वेळी माणूस आशेवर किती सहज खर्च करतो, हे ज्याच्या घरात असे दुखणे आहे त्यालाच कळेल.

आपल्या देशाचे नियम याबाबत संदिग्ध नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठी होणारे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण आणि परवाना मिळालेली औषधे सोडली, तर मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. अशी चाचणी भारताच्या चाचणी-नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली असावी लागते, तिला नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. भारतात मूलपेशींच्या औषधाला परवाना मिळालाच नाही असे नाही. स्टेम्प्युसेल या औषधाला पायांच्या रक्तवाहिन्यांच्या बर्गर आजारासाठी आणि नंतर गुडघ्याच्या संधिवातासाठी परवाना मिळालेला आहे. तो भगंदरासाठी नाही. मी केंद्रात नोंदणी क्रमांक लेखी मागितला. तो मिळाला नाही, आणि आम्ही तिथून बाहेर पडलो. माझे मत विचाराल तर अशा ठिकाणी आगाऊ रकमेचा एक रुपयाही देऊ नये.

आम्ही शेवटी नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात पोटविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघे एकत्र पाहतात त्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. दोघांनी एकत्र पाहणे ही या उपचारातली मोठी गोष्ट आहे, कारण एक जण आतली सूज आणि दुसरा बाहेरचा मार्ग पाहत राहिला की रुग्ण दोघांच्या मधे लोंबकळतो. एमआरआयमध्ये बाहेरून न दिसणारी एक शाखा आणि पूचा लहान साठा सापडला. भूल देऊन पू काढला, सेटन घातले. त्यानंतरच प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध सुरू करण्याचा विचार झाला, आणि तोही क्षयाची चाचणी व छातीचा एक्स-रे नीट पाहून. कारण इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब ही औषधे शरीरात दबून बसलेला क्षय पुन्हा जागा करू शकतात. आपल्या जिल्ह्यात ही काळजी कोणी घेत नसेल तर ते औषध घेऊ नये, इतके हे महत्त्वाचे आहे.

या औषधांविषयीही खोटी आशा नको. इन्फ्लिक्सिमॅबच्या १९९९ सालच्या ९४ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या मात्रेने ५५ टक्के लोकांची सर्व भगंदरे बंद झाली, औषध नसलेल्या खोट्या मात्रेने १३ टक्के. परंतु पुढे वर्षभर औषध चालू ठेवलेल्या मोठ्या चाचणीत वर्षाअखेर सर्व भगंदरे बंद असलेले ३६ टक्केच उरले, औषध थांबवलेल्या गटात १९ टक्के. म्हणजे हा उपाय चांगला आहे, पण चिकाटीचा आहे. खर्चाच्या बाबतीत आपल्या देशाचे नशीब थोडे बरे म्हणायचे: अडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपनीने बनवलेली, आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने बाजारात आणली, आणि मूळ परदेशी औषधापेक्षा ती पुष्कळ स्वस्त होती. तरीही शेतकरी कुटुंबाला हा खर्च जड जातो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व कागद घेऊन जावे आणि शस्त्रक्रियेचा, तपासणीचा, औषधाचा कोणता भाग जनआरोग्य योजनेत बसतो हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

खेड्यात हा उपचार पाळणे किती अवघड आहे, हे मात्र शहरातल्या डॉक्टरांना अजून पुरते उमगलेले नाही. अडालिमुमॅबची सुई २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आमच्या फिडरची वीज दुपारभर जाते. आम्ही बर्फाच्या पिशव्या घातलेला लसीचा डबा वापरतो. सुई बर्फाला चिकटू देत नाही, कारण गोठलेले औषध वाया जाते. सेटन असताना एसटीने यवतमाळमार्गे नागपूर गाठणे ही शिक्षाच आहे, म्हणून शक्य त्या भेटींसाठी आधी फोनवर बोलून रक्ताच्या तपासण्या यवतमाळलाच करून घेण्याची विनंती करावी. आमच्या डॉक्टरांनी ती लगेच मान्य केली. शौचानंतर आणि रात्री कोमट पाण्यात बसण्यासाठी पसरट घमेले पुरते, परंतु टंचाईच्या दिवसांत त्या पाण्याचा वाटा घरात आधी काढून ठेवावा लागतो. सोयाबीन सोंगणीच्या काळात वाकून काम करायचे नाही, हे रुग्णाला सांगणे सोपे; शेजारच्या शेतातल्या लोकांची बोलणी ऐकणे त्याला जड गेले. सेटन म्हणजे उपचार अर्धवट सोडला असे नाही, तो दोरा महिनोन्‌महिने राहू शकतो आणि त्यानेच पू साचत नाही, ही गोष्ट डॉक्टरांनी घरच्या बायकामाणसांसमोर एकदा बोलून दाखवली असती तर बरे झाले असते. या सेवेत मला दिसलेली उणीव तेवढीच, आणि ती मोठी आहे.

सध्या पुतण्याची बाहेरची तोंडे कोरडी आहेत, वजन वाढते आहे आणि तो फवारणी सोडून शेतातली बाकीची कामे करतो. एमआरआयमध्ये मार्गाची रेघ अजून दिसते, म्हणून औषध थांबवायचे नाही असे ठरले आहे. नागपूर किंवा सेवाग्रामच्या एखाद्या संस्थेत या भगंदरासाठी पेशींची नोंदणीकृत, विनामूल्य चाचणी निघाली आणि त्याच्या डॉक्टरांनी तो तिच्यात बसतो असे सांगितले, तर त्याची जाण्याची तयारी आहे आणि माझी त्याला पूर्ण संमती आहे.